लबीबच्या नावची फियाट

अलेक्झांड्रियातल्या करमूझच्या गल्ल्यांत बयूमीला ओळखत नाही असं घर नव्हतं. निम्म्या नवरानवरींच्या गाद्या त्यानंच भरलेल्या. धंदा कापसाचा, बोलणं मात्र थोडक्यात आटपणारं. चैनीची वस्तू काय ती एक, अठ्ठावन्न सालची पांढरी फियाट, आणि तीही त्याची नव्हती.

ती पोस्टातल्या लबीबची. शाळेपासूनचा दोस्त. पस्तीस वर्षांपूर्वी लबीब बायकापोरांना घेऊन मेलबर्नला निघाला, तेव्हा त्यानं बयूमीला कुलमुखत्यारपत्र करून दिलं आणि किल्ली हातात ठेवली. इथं अशा कितीतरी गाड्या फिरतात. चालवणारा एक, कागदावर दुसराच. दर सणाला लबीब फोनवर ओरडायचा, "गाढवा, नावावर करून घे की! मी मेलो तर तो कागद मेलाच म्हणून समज."

"मग मरू नकोस," बयूमी म्हणायचा. नाव बदलायचं म्हणजे दोस्ताची गाडी विकत घेतल्यासारखं वाटे त्याला.

सीटांत त्यानं स्वतः पिंजलेला कापूस भरला होता. दर शुक्रवारी बायकोला, नबवीयाला, समुद्रावर न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच त्या गाडीचं काम.

या वर्षी परवान्याची मुदत संपत आली. जुन्या, मोलाच्या गाड्यांना नंबराची वेगळी पाटी मिळते आणि विमाही खऱ्या किमतीचा निघतो, हे त्याला कळलं. विमेवाला म्हणाला, "काढतो की. पण मालक आणि विमा घेणारा एकच हवा. आधी नावावर करा." विम्याशिवाय परवाना नाही; नावावर नाही केलं तर महिनाअखेरीपासून गाडी रस्त्यावर काढायची सोय नव्हती.

आणि लबीब तर दीड महिन्यापूर्वीच गेला होता. त्याच्या मुलीचा फोन आला, बयूमीनं ऐकून घेतलं, आणि जाऊन कापूस पिंजत बसला. रडला नाही. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की दुवा मागायची, हे इथं पोरंही चुकत नाहीत. पण बयूमी आपला "लबीब असं म्हणतो, लबीब तसं म्हणतो" करत राहिला.

"परवान्याच्या कचेरीत सांगा, तो जिवंत आहे म्हणून," नबवीया म्हणाली. "ऑस्ट्रेलियात जाऊन नाडी बघणार आहेत का ते?"

"खोटं बोलू?"

"दीड महिना स्वतःशी खोटंच बोलताय, हाजी. एक दिवस सरकारशी बोला."

कचेरीच्या आवारात एकानं गाडीखाली वाकून सांगाड्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. आकडे लख्ख उठले. नबवीया गाडीतच बसली. बयूमी तो कागद घेऊन कारकून मदाम इन्शिराहच्या खिडकीपाशी रांगेला लागला.

"मुखत्यारपत्र देणारा हयात आहे?" चष्म्यावरून बघत मदामनं विचारलं.

"आहे, हमदुलिल्लाह."

"तब्येत बरी?"

"घोड्यासारखी."

मदाम हसल्या. शिक्का उचलला. नोंद करायची म्हणून नाव मोठ्यानं वाचलं, "लबीब तौफिलस जिरगिस."

शाळेतल्या हजेरीनंतर ते नाव असं पुरतं कुणी घेतलं नव्हतं.

"अल्लाह त्याच्यावर रहम करो," बयूमी बोलून गेला.

आणि मागच्या सगळ्या रांगेनं, सवयीनं, तेच म्हटलं.

शिक्का हवेतच राहिला.

"तुम्ही एकटे बोलला असता, हाजी, तर मी ऐकलंच नसतं," मदाम हळूच म्हणाल्या. "आता एवढी माणसं म्हणाली." त्यांनी कागद परत सरकवले. "वारसांचे कागद आणा. तोवर पाट्या जमा करा."

लबीबची तीन मुलं तीन देशांत. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. कुठले कागद आणि कसले काय! बयूमीनं आवारात वाकून दोन्ही पाट्यांचे स्क्रू स्वतःच्या हातानं काढले. पाट्या देऊन आला आणि गाडीत बसला.

नबवीयाच्या तोंडाशी बोलणी तयार होती. त्याचा चेहरा बघून तिनं ती गिळली.

"लबीब गेला," तो म्हणाला. जणू तिला ठाऊकच नव्हतं.

गाडीचं तिनं काही विचारलं नाही. डोक्यावरची ओढणी नीट केली, आणि दुखवट्याच्या घरी विचारतात तसं विचारलं, "कसा गेला हो?"

मग बयूमी लबीबच्या मुलीचा फोन आला तिथपासून सांगायला लागला.