डाव्या हाताची गाडी

त्या दिवशी सकाळी धुकं पडलं होतं. पौषातलं दाट धुकं. उसाचे शेंडे दिसत नव्हते, कोल्हारच्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज यायचा, आणि डेअरीच्या ओट्यावर कोण बसलंय ते दहा पावलांवरून ओळखू येत नव्हतं. मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते शेवटी सांगतो.

त्या ओट्यावर आम्ही तिघं म्हातारे रोज बसतो. एक मी. दुसरा भागाजी. त्याची सगळी हयात घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेली, म्हणून गाव त्याला हेडी म्हणतं. तिसरे रशीदभाई, चाळीस वर्षं टेम्पो चालवलेले. तिथं किस्से कसे जमतात? जनावराच्या अंगाला गोचीड जमतात तसे. एक काढावा तर खाली दोन निघतात! हसण्याचे किस्से आम्ही तिथल्या तिथं वाटून टाकतो, लाजेचे जो तो आपल्या घरी नेतो. माझ्या घरी एका बॅटरीच्या गाडीचे बरेच साठलेत. मी शाळेत गेलो नाही, अक्षरं डेअरीच्या पुस्तकावरून शिकलो, त्यामुळं सगळं सावकाश. घाई असेल त्यानं खुशाल उठावं.

* * *

माझी बायको पारू. दोन वर्षांमागं तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पुढं पाय थोडाफार आला, धरून उभी राहते, दोन-तीन पावलं टाकते. उजवा हात मात्र आलाच नाही. मांडीवर ठेवला की तिथंच.

त्याआधी चाळीस वर्षं दोन्ही वेळचं दूध तीच डेअरीला घालायची. काट्यावर नजर, फॅटवर नजर. डेअरीतला माणूस आम्हा बाप्यांना जुमानायचा नाही, हिला बघितलं की नीट उभा राहायचा. नंतर दूध मी न्यायला लागलो. परत आलो की ही विचारायची,

"किती भरलं?"

मी सांगायचो.

"आन् फॅट?"

"ते बघितलं न्हाई."

ती रिकाम्या कॅनकडं बघायची. एक दिवस म्हणाली, "कशानं का व्हईना, मला यकदा डेअरीवर जायचंय. माझं दूध मी घालनार." डेअरी घरापासून शंभर पावलांवर!

पोराला फोन केला. पोरगा चाकणला कंपनीत असतो. तो म्हणाला, "आण्णा, म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीची गाडी मिळते. हळू चालते. फोटो टाकतो." चार फोटो आले. ते मी कुणाला दाखवले? हिला नाही. ओट्यावर नेले.

भागाजीनं मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला. "यकाच अंगानं फोटो काढलाय. दुसऱ्या अंगाला खोड आसनार!"

रशीदभाई म्हणाले, "तीन चाकाची नको. वळनावर पलटी मारती. मी मारलेली हाय."

"तुमचा टेम्पो चार चाकी हुता की!" मी म्हणालो.

"मग इचार करा! चार चाकाचं त्ये हाल, तर तीनचं काय?"

तासभर चर्चा चालली. उठताना भागाजीनं निकाल दिला, "फोटोवर सोयरीक व्हती, जनावर न्हाई. नगरला जाऊन बघू."

* * *

ही म्हणाली, "मी बी येते."

मी म्हणालो, "तुजे हाल व्हतील."

हाल काही होणार नव्हते. खरी गोष्ट वेगळी होती. जायचं होतं रशीदभाईंच्या पुतण्याच्या टेम्पोनं. टेम्पो आमच्या बोळात शिरत नाही, डेअरीसमोरच उभा राहतो. त्याची पायरी उंच. हिला उचलून आत ठेवावं लागलं असतं. सकाळी अर्धं गाव दूध घालायला आलेलं, आणि त्यांच्यासमोर म्हाताऱ्यानं बायकोला उचलायचं! मला ते जमणार नव्हतं.

माझी ही खोड जुनी आहे. लग्नानंतर आम्ही जेजुरीला गेलो. आमचं कुलदैवत खंडोबा. नव्या नवऱ्यानं नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, हा रिवाज. आमच्याच ट्रकमध्ये शेजारचं जोडपं होतं, त्यांचंही लग्न त्याच हंगामातलं. शेजाऱ्यानं आपल्या सोजराला उचललं आणि पाचाच्या सात पायऱ्या चढला. लोकांनी भंडारा उधळला. मग माझी पाळी. मागं बाप उभा, थोरला भाऊ उभा. मी हिच्याकडं न बघताच म्हणालो, "माज्या कमरंत चमक भरलीय." आणि पुढं चालू लागलो. ही मागून एकटी चढली.

परत येताना ट्रक चिखलात रुतला. ढकलायला सगळ्यांत पुढं मी! सोजरबाई पदराआडून म्हणाली, "कंबर बरी झाली वाटतं!"

तिचा नवरा आता नाही. सोजरबाई मात्र अजून भिंतीला भिंत लागून राहते. पन्नास वर्षं झाली, पण ती काही विसरत नाही.

* * *

नगरच्या दुकानात आम्ही तिघं शिरलो. काउंटरवरची मुलगी चटकन उठली. आमच्याकडं बघून म्हणाली, "पेशंट कोण आहेत?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिनं रशीदभाईंपुढं खुर्ची सरकवली. ते भडकले. "मला काय झालंय?"

"मग गाडी कुणासाठी?"

"आमच्या मंडळीसाठी," मी म्हणालो.

"आजी कुठे आहेत?"

"घरी."

मुलीनं आम्हा तिघांना एकदा बघून घेतलं. मग वही उघडून म्हणाली, "आजींचं वजन किती?"

मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांचा संसार, आणि बायकोचं वजन माहीत नाही! मी छताच्या पंख्याकडं बघायला लागलो. तेवढ्यात भागाजी शांतपणे म्हणाला,

"पंचेचाळीस धरा. माजा अंदाज किलोभर इकडंतिकडं व्हत न्हाई."

मुलीनं ते लिहून घेतलं! धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं.

मग भागाजी गाडीभोवती फिरला. सीटवर थाप मारली, हँडल दाबलं, चाकाशी वाकून बघितलं. "जरा चालवून दावा. डावीकडं वळवा. आता उजवीकडं. पाय वढत न्हाई ना?" रशीदभाईंनी रिव्हर्स घेतला, हॉर्न चार वेळा वाजवला. मग मी बसलो. गाडी अंगाला अशी बसली, जशी माझ्याच मापानं केलेली.

शेवटी मुलगी म्हणाली, "उजव्या हाताची ही मूठ पिळली की गाडी चालते. आजींच्या हातात जोर आहे ना?"

मी छाती पुढं काढली. "जोर? आवो, चाळीस वरसं दुधाचे कॅन वाह्यलेत तिनं!"

गाडी पसंत.

* * *

डेअरीसमोर उतरवून गाडी बोळात आणली. सोजरबाईनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. तिनं आणि मी धरून हिला सीटवर बसवलं. बोळातली माणसं दारात आलेली. भागाजी बाजूला उभा राहून सगळ्यांना गाडीचे गुण सांगत होता. आपणच व्यालो असं त्याचं तोंड!

मी म्हणालो, "हां, आता पीळ मूठ."

हिनं उजव्या मुठीकडं बघितलं. मग मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

भागाजी बोलता बोलता थांबला. रशीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

हिनं डावा हात आडवा टाकून मूठ पिळायचा प्रयत्न केला. गाडी सरळ कडब्याच्या गंजीत! आम्ही धावून धरली. ही उतरली, भिंतीला टेकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"गाडी चांगली हाय. तुमाला शोभंल."

* * *

गाडी परत करायला हवी होती. पण दुकानातल्या त्या मुलीला तोंड कसं दाखवायचं? तिनं मला हाताचं स्पष्ट विचारलं होतं.

भागाजी म्हणाला, "बैल बांधून ठिवला की बिघडतो. फिरवत जा."

म्हणून मी गाडी फिरवायला लागलो. आधी बोळात, मग डेअरीपर्यंत. माझेही गुडघे दुखतात, खोटं कशाला बोलू? पुढं कॅन, वर मी, हॉर्न वाजवत! लोक म्हणायचे, "आण्णा, गाडी झकास!" मी म्हणायचो, "व्हय, मंडळीसाठी घेतली."

असा महिना गेला. एकदा निघताना दारातून हिचा आवाज आला, "कॅन नीट धरा. हिंदकळतंय."

एवढंच. बाकी महिनाभर ती गाडीबद्दल चकार शब्द बोलली नाही. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं!

* * *

एका दुपारी मी घरात येत होतो. आतून बोलणं ऐकू आलं. सोजरबाईनं मोबाईल धरलेला, आणि ही दुकानातल्या मुलीशी बोलत होती. पावतीवरचा नंबर दोघींनी शोधून काढला होता!

"पोरी, त्ये तीन म्हातारे आल्ते बघ. त्यातल्या यकाची मी बायको."

पलीकडून मुलगी एवढी हसली की मला बाहेर ऐकू आलं.

"माजा उजवा हात चालत न्हाई. डाव्या हाताची गाडी मिळती का?"

"मिळते आजी. अंगठ्याने दाबायची असते, डावीकडे लावून देऊ. तुमची बदलूनही देईन. पण या वेळी तुम्ही स्वतः या."

"यीन की."

सोजरबाईचं लक्ष दाराकडं गेलं. मी तिथंच उभा, हातात चप्पल. ती मोठ्यानं म्हणाली, "पारे, तुला टेम्पोत कोन चढवनार ग?"

ही म्हणाली, "बघू. चमक भरली न्हाई म्हंजी बरं."

* * *

तर ही नगरला आली. दुकानात तिनं काय केलं ते आधी सांगतो. गाडीभोवती फिरणं नाही, थाप मारणं नाही. बसली, अंगठ्यानं पट्टी दाबली, थोडी पुढं गेली, थांबली. म्हणाली, "पाय टेकत न्हाईत." मुलीनं सीट खाली केली. मग म्हणाली, "दुधाचा कॅन कुठं ठिवायचा?"

आम्ही तिघांनी मिळून हॉर्न चार वेळा वाजवला होता. कॅन कुठं ठेवायचा, हे एकानंही विचारलं नव्हतं!

आता ती दोन्ही वेळा डेअरीला जाते. ओट्यासमोर गाडी थांबवते, आम्ही बोलायचे थांबतो. पहिल्याच दिवशी डेअरीतल्या माणसाला म्हणाली, "दोन वरसं म्हशीचं फॅट गाईएवढं कसं आलं, जरा पुस्तक दाव." तो घाम पुसायला लागला. आणि मी? रोज दूध घालणारा मी, शेजारची पोती मोजत बसलो.

* * *

राहिला तो धुक्याचा दिवस. हिला नगरला न्यायचा.

टेम्पो मी मुद्दाम भल्या सकाळी मागवला होता. धुकं बघितलं आणि म्हणालो, देवानं लाज राखली. कुणाला दिसायच्या आत हिला आत बसवू आणि निघू. केबिनमध्ये जागा तिघांची, म्हणून या खेपेला भागाजीला खाली ठेवला.

पण ही काही उरकेना! पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढायला लावलं. ते सोजरबाईकडून नेसून घेतलं. कुंकू आपल्या डाव्या हातानं लावलं, ते तिरकं गेलं, पुसून परत लावलं. मी दारात उभा राहून धुक्याकडं बघतोय. विरळ होतंय, अजून विरळ होतंय.

निघालो तेव्हा सूर्य वर आलेला. ही जुन्या गाडीवर बसली, डाव्या हातानं हँडल धरलं, आणि मी बाजूनं चालत उजवी मूठ पिळत राहिलो. गाडी कशी छान चालली! एवढं सोपं होतं, आणि महिनाभर मला सुचलं नाही.

डेअरीसमोर आलो तर लख्ख ऊन. सगळं गाव कॅन घेऊन रांगेत. रशीदभाईंनी केबिनचं दार उघडलं. पायरी माझ्या मांडीएवढी.

सोजरबाईनं आपला कॅन रांगेत ठेवला आणि हिला एका बाजूनं धरलं. उभी केली. पण पाय काही तेवढा उचलेना. एकदा, दोनदा. रांग आमच्याकडं वळली. भागाजी आपल्या चपलेकडं बघायला लागला. हिनं माझ्याकडं बघितलं नाही. समोर त्या पायरीकडं बघत उभी राहिली, जशी ती तेव्हा जेजुरीच्या गडाकडं बघत उभी राहिली असेल.

मी वाकलो. एक हात पाठीमागं घातला, एक गुडघ्यांखाली. माझे गुडघे असे वाजले की रांगेच्या टोकाला ऐकू गेले असतील. उचललं.

भागाजीचा अंदाज चुकला होता. पंचेचाळीस नव्हती ती. बरीच कमी होती.

पायरीवर पाय दिला, आत सीटवर ठेवलं, लुगड्याचा काठ दारात अडकू नये म्हणून आत घेतला. मग खाली उतरून गावाकडं तोंड केलं. कुणी हसत नव्हतं.

सोजरबाईनं आपला कॅन उचलला, पदर सारखा केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"यक झाली, आण्णा. आजून चार ऱ्हायल्या!"