डोळ्यात घातलेलं दूध

चिखलणी चालू असताना बैलाने शेपटी झटकली आणि चिखल बाबांच्या डाव्या डोळ्यात गेला.

त्यांनी भाताच्या बांधीतल्याच पाण्याने डोळा धुतला आणि पुन्हा बैलांमागे उभे राहिले. संध्याकाळी डोळा सुजला, तेव्हा आईने वाटी घेऊन माझ्या बायकोला आत बोलावलं. आमच्याकडे दुखऱ्या डोळ्यात बाळंतिणीचं दूध घालतात. पण घरात अंगावर पाजणारी बाई एकच होती, आणि ती बाबांची सून. त्यांच्यासमोर तिचा पदर कधी ढळला नव्हता, त्यांच्याशी ती बोलतही नसे. आईने कापसाचा बोळा पिळला. वाटीतलं दूध कुणाचं, हे कुणीच बोललं नाही.

आठवडाभरात बुबुळावर पांढरा ठिपका उमटला. बालाघाटच्या डॉक्टरांनी जखम खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि थेंब दिले. घरी थेंबांच्या जोडीला दूध चालूच राहिलं. ठिपका पसरला.

पुन्हा गेलो, तेव्हा नातलगाकडे मुक्काम करायचा होता. दुधात खंड नको म्हणून आईने सुनेलाही सोबत घेतलं.

"दवा के अलावा आँख में क्या डालते हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी किरनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मी म्हणालो, "कुछ नहीं."

दाराशी मुलीला घेऊन उभी असलेली माझी बायको म्हणाली, "माह्यं दूध टाकतात, डॉक्टरसाहेब. रोज."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी दूध थांबवलं, डोळा धुतला आणि दुसऱ्या दिवशी जखम खोलवर खरवडली. मला बोलावून काच दाखवली. भाताच्या रोपाच्या मुळांसारखे बारीक, फाटे फुटलेले धागे होते. "मिट्टी का कीटाणु है, बहुत कम दिखता है. ऊपर दूध से आए दूसरे थे, ये नीचे छिपा था. पहले बता देते, मास्टरजी." मग सल्फाचे थेंब, तासातासाला. डोळा काढावा लागला नाही. बुबुळाच्या मधोमध पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याला उजेड कळायचा, माणूस ओळखू येत नसे.

परतताना बसमध्ये आई माझ्या बायकोला म्हणाली, "तुले काहून बोलाचं होतं तिथं?"

"डोया जाऊन राह्यलता मामाजीचा. तुमचा लेक मास्तर हाय नं, आई? त्यायनं सांगतलं असतं तं मी काहून बोलली असती?"



त्यानंतर ती पाणी घेऊन आली की बाबा तो डोळा तळहाताने झाकत. शेवटपर्यंत झाकत राहिले. आपण त्यांना लाजवलं, असं ती समजत राहिली. तू बोललीस म्हणून डोळा वाचला, हे वाक्य मी मनात पुष्कळदा जुळवलं. तिला म्हणालो नाही.

या पौषात ती गेली. मुलगी सासरी आहे. घरात आता मी आहे, आणि माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.