युस्टिनाकाकूंचा खोकला

आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मुकी असते. सगळ्यांनी माना खाली घालायच्या, हात मांडीवर जोडायचे आणि मनातल्या मनात म्हणायचं. ती संपली हे घरातला कर्ता पुरुष ठरवतो आणि त्याची खूण घरोघरी वेगळी. माझे वडील खुर्ची सरकवायचे. शेजारचे क्नेल्सन घोड्यासारखे फुरफुरतात. माझा नवरा आब्राम नाक ओढतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्याला सर्दी झालीय. मी आपली मान खाली घालून बसलेली, आणि हा तोवर निम्मे बटाटे संपवायचा.

आब्रामचे काका डीड्रिख तायख्रोब यांची खूण म्हणजे एक हुंकार. "हंऽ." जाड, गोल, थेट पोटातून आलेला. तो आला की त्या घरातले सगळे चमचे एकदम उचलले जातात. जेवण झाल्यावर पुन्हा मुकी प्रार्थना, पुन्हा तोच "हंऽ", आणि मग पोरं अंगणात पळतात. बाईने ही प्रार्थना संपवायची नसते. असं कुठे लिहिलेलं नाही, पण सूर्य पश्चिमेला उगवू नये हे तरी कुठे लिहिलंय?

पाहुणा आला की मात्र पंचाईत. एकदा थोरले पाळक फ्रान्झ नॉयडॉर्फ काकांकडे जेवायला आले. आम्हीही होतो. युस्टिनाकाकूंनी जाड शेवया केल्या होत्या आणि वर सायीचं कालवण. माना खाली गेल्या. काकांना वाटलं, एवढा मोठा माणूस समोर असताना आपण कोण हुंकार देणारे? पाळकांना वाटलं, घर यांचं, तेव्हा मानही यांचा. झालं! दोघे बसले एकमेकांची वाट बघत. कालवणाची वाफ थांबली, वर साय धरली, मांजर टेबलाखालून एक फेरी मारून गेलं. माझ्या पोटात कावळे नाही, अख्खं कोंबड्यांचं खुराडं ओरडत होतं. शेवटी काकू खोकल्या.

"खॅक्-हंऽ."

दोघांच्या माना एकदम वर आल्या. पाळक म्हणाले, "युस्टिनाबाई, छातीची काळजी घ्या हो."

"जुनाच आहे तो," काका घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी शेवयांचं भांडं पुढे सरकवलं.

जुना होता हे खरंच. पण छातीचा नव्हता.

काकू मूळच्या आमच्याच लोकांच्या मेक्सिकोतल्या वसाहतीतल्या. लहानपणी आईबापांबरोबर इकडे बोलिव्हियात आल्या. बुटक्या, गोल, हसल्या की डोळे नाहीसे होणाऱ्या. त्यांच्या हातचे दुमजली पाव खाऊन माणूस भांडण विसरतो, असं म्हणतात. मी विसरले नाही कधी, पण पुढे ढकललंय बऱ्याचदा. काका त्यांच्या दुप्पट उंच आणि निम्मे बोलके. तरुणपणीच त्यांना प्रार्थनाघरात सूर लावणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. हा मान मोठा. आम्हा जुन्या वळणाच्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांत वाद्य नाही, आणि पुस्तकात नुसते शब्द, चाल नाही. चाली बापाकडून मुलाकडे आलेल्या, आणि त्याही अशा संथ की एका ओळीत गाय पिळून व्हावी. पुढच्या बाकावरचा एक जण पहिला शब्द उचलतो, आणि त्याने जिथे सूर लावला तिथेच सगळ्या गावाने शेवटच्या कडव्यापर्यंत राहायचं. चुकून उंच लावला तर मध्येच खाली उतरायची सोय नाही.

काकांना सगळ्या चाली येत होत्या. आवाज तर असा, की खिडकीच्या काचा ऐकून घ्यायच्या. पण समोर माणसं दिसली की त्यांची पाचावर धारण बसायची आणि सूर चढायचा. त्यांचा पहिला रविवार गावातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. तिसऱ्या कडव्याला बायकांच्या मानेच्या शिरा टरारल्या, पाचव्याला पुरुष एकेक करून गळाले, आणि शेवटी गात होते दोघेच. एक डीड्रिखकाका, आणि दुसरे माझे आजेसासरे, कारण ते हटवादी होते.

पुढच्या रविवारी काकांनी गीताचा आकडा सांगितला, आणि बायकांच्या बाजूने खोकला आला. "खॅक्-हंऽ." काकांनी सूर लावला तो बरोब्बर तिथे. गीत कसं लोण्यासारखं उतरलं. त्यानंतर काका कधी चुकले नाहीत, आणि काकूंचा खोकला कधी बरा झाला नाही.

गाव मायाळू. कोणी लसूण आणून दिला, कोणी कापूर घातलेली डुकराची चरबी, कोणी पायाला बांधायला कांदे. काकूंनी कोणालाच नाही म्हटलं नाही. लसूण आणि कांदे कढईत गेले, आणि कापराच्या चरबीने काकांच्या घोडागाडीची चाकं वंगणली. त्यांची गाडी शेजारून गेली की चोंदलेलं नाक मोकळं व्हायचं.

मी लग्न होऊन आले आणि प्रार्थनाघरात काकूंच्या शेजारी माझी जागा ठरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा खोकला आठवडाभर झोपलेला असतो आणि आकडा सांगितला की जागा होतो. मी एकदा विचारलं.

"काकू, हा खोकला तुम्हाला फक्त रविवारीच कसा येतो हो?"

"गप गं," त्या म्हणाल्या. "सहा दिवस कामं असतात."

मग मागच्या वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाच्या थोडं आधी दूध काढताना गायीने लाथ मारली आणि काकूंचा पाय मोडला. सांताक्रूझ शहरात नेऊन प्लास्टर घातलं. पलंग स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणून ठेवला, म्हणजे झोपल्या झोपल्या सुनांच्या चुका काढता याव्यात. पुढच्या रविवारी काका एकटेच गेले. आकडा सांगितला, थोडं थांबले, बायकांच्या बाजूला बघितलं, आणि सूर लावला तो थेट कौलांवर. चौथ्या कडव्यालाच निम्मं गाव गप्प. बाहेर पडल्यावर कुंपणापाशी थोरले पाळक काकांना म्हणाले, "डीड्रिख, पेंटेकॉस्टला बाप्तिस्मे आहेत. बाहेरगावचे लोक येणार. पुन्हा असं झालं, तर सूर लावायचं काम तरुण गीसब्रेख्तकडे देऊ. वाईट नको वाटून घेऊस." काका टोपी हातात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावणं धाडलं.

"लिसबेत, आत ये. दार लाव. तुला खोकता येतं ना?"

"त्यात काय यायचंय काकू?"

"मग खोक."

मी खोकले.

"अगं बाई! घशात हाड अडकलंय का? सावकाश. मागे हंऽ आला पाहिजे. तुझ्या काकांचा जेवणाआधी येतो ना, तस्सा."

मी पुन्हा खोकले. काकूंनी कपाळावर हात मारला. "त्या गायीने माझा पाय मोडला, तू कान मोडणारेस."

"तुम्ही काकांना सरळ का नाही सांगत, की बाबा तुमचा सूर चढतो?"

"इतकी वर्षं नाही सांगितलं ते आता लंगडी झाल्यावर सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सूर त्यांचाच आहे गं. जेवताना बघ, तो हंऽ कधी इकडचा तिकडे होत नाही. भुकेला माणूस घाबरत नाही. रविवारी सकाळी कॉफीच्या वेळी मी तो कानात धरते आणि प्रार्थनाघरात त्यांचा त्यांना परत देते. एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेत मुलांनी घेतलं, घोडे मुलांनी घेतले. एक तो बाक उरलाय. तोही गेला तर माझा माणूस खिडकीशी माश्या मारत बसेल, लिसबेत. मला नाही बघवणार."

त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हाच पाहिले. मग काय, आठवडाभर खोकले. आब्राम म्हणाला, कांदे बांध पायाला.

पेंटेकॉस्टच्या आदल्या रात्री दक्षिणेचा गार वारा सुटला. आमच्याकडे हा वारा आला की एका रात्रीत उन्हाळ्याचा हिवाळा होतो. लोक शाली, घोंगड्या गुंडाळून आले. प्रार्थनाघर गच्च भरलं. माझ्या एका बाजूला काकूंची नात ट्रूडा, जेमतेम चार वर्षांची, आणि दुसऱ्या बाजूला काकूंची रिकामी जागा. समोर बाकावर काका, त्यांच्या शेजारी तरुण गीसब्रेख्त, केस पाणी लावून बसवलेले. त्याचा काही दोष नव्हता, तरी मला त्याचा राग आला.

काकांनी आकडा सांगितला. मी घसा तयार केला आणि खोकले.

आणि माझ्याबरोबर सगळ्या खोकल्या! रात्रीच्या वाऱ्याने अर्ध्या बायकांचे घसे धरले होते. कोणी बारीक, कोणी भसाडं, कोणी ठसका लागून लागून. पुरुषांच्या बाजूनेही उत्तर आलं. त्या खोकल्यांच्या जत्रेत माझा एवढा शिकवलेला खोकला कुठे गेला, देव जाणे. मी पुन्हा खोकले तर मागच्या क्नेल्सनबाईंनी माझ्या हातात लसणाची पाकळी ठेवली.

काका बघत होते. आमच्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. पुस्तक हातात उघडंच होतं. गीसब्रेख्तने घसा खाकरला, आणि दारात उभ्या असलेल्या थोरल्या पाळकांनी त्याच्याकडे बघितलं. आता संपलं, मला वाटलं.

काकांनी पुस्तक मिटलं. मान खाली घातली. हात मांडीवर जोडले, जसे टेबलाशी जोडतात तसे. लोकांना वाटलं, प्रार्थना करताहेत, म्हणून सगळे गप्प झाले. खोकलेसुद्धा थांबले. बराच वेळ ते तसे बसले. आणि मग आला, जाड, गोल, थेट पोटातून:

"हंऽ."

पुरुषांच्या बाजूला काकांच्या सगळ्या मुलांनी झटकन माना वर केल्या. एकाचा तर हात पुढे गेला. आणि माझ्या शेजारून ट्रूडा खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा चमचा कुठंय?"

आमच्या प्रार्थनाघरात हसत नाहीत. पण बाकं हलली, एवढं मी सांगते. आणि ती हलत असतानाच काकांनी त्या हुंकाराच्या जागेवरच पहिला शब्द उचलला, आणि सगळ्या लोकांनी तो झेलला. असं गीत मी आयुष्यात ऐकलं नाही. म्हाताऱ्यांना पोचत होतं, पोरींना पोचत होतं, बाहेरगावचे लोक डोळे मिटून गात होते. गीसब्रेख्तसुद्धा मनापासून गात होता. तेव्हा माझा राग गेला. पहिलं गीत चालू असताना पाळकांनी आत यायचं असतं; थोरले पाळक दारातून आत आले ते हळू चालत आले, गीत लवकर संपू नये म्हणून.

दुपारी आम्ही सगळे काकांकडे. टेबल ओढून काकूंच्या पलंगाशी लावलं. काकूंना सगळं कळलं होतं. वारा प्रार्थनाघराकडून त्यांच्या खिडकीकडे वाहत होता, आणि त्यांनी थंडीत खिडकी सताड उघडी ठेवली होती.

"सूर छान लागला आज," शेवयांकडे बघत त्या म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

"लिसबेतचा खोकला ऐकू आला होता का?"

"कसला खोकला?" काका म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. हुंकार आला, चमचे उचलले गेले, आणि ट्रूडाला तिचा चमचा मिळाला. काकूंनी माझ्याकडे बघून ओठ दाबले. काहीच कळलेलं नाही यांना, असा त्याचा अर्थ.

जेवण झालं. पुन्हा माना खाली. आम्ही हुंकाराची वाट बघू लागलो. तो येईना. पोरं चुळबुळली. मला वाटलं, काकांना डुलकी लागली. मी एक डोळा किलकिला केला.

काका जागे होते. मान खालीच होती, पण डोळे वर करून ते पलंगाकडे बघत होते. काकू हात जोडून, डोळे मिटून, आज्ञाधारकपणे वाट बघत होत्या. शेवटी त्यांनीही एक डोळा उघडला. दोघांची नजर भेटली. काकांनी भुवया किंचित वर केल्या, जसं एखाद्याला दारातून आधी तू जा म्हणावं. काकूंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. इतक्या वर्षांची मूठ त्यांनी आपली झाकून धरली होती, आणि या माणसाला पहिल्या रविवारपासून सगळं ठाऊक होतं. मला रडू आलं. मी डोळा मिटून घेतला.

थोड्या वेळाने पलंगाकडून आवाज आला.

"खॅक्-हंऽ."

काकांनी मान वर केली. मग मुलांनी केली, सुनांनी केली, आणि पोरं अंगणात पळाली. आता काकूंचा पाय बरा आहे, रविवारी त्या माझ्या शेजारी बसतात आणि आकडा सांगितला की खोकतात. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना काका संपवतात आणि जेवणानंतरची काकू. गेल्या महिन्यात थोरले पाळक तिथे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर काकू खोकल्या तेव्हा त्यांनीही गुपचूप मान वर केली आणि टोपी घेतली.