केस क्रमांक सात

पार्वताबाई गेल्याचं मला बाबांकडून कळलं, तेही बरेच दिवस उशिरा. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहेत. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणारा एक जण पार्वताबाईंच्या गावचा. रविवारी मी क्वार्टरवर गेले तेव्हा चहा ओतता ओतता ते म्हणाले, "ती तुझी रोवण्याची बाई... तापानं गेली म्हणतात." मी कप खाली ठेवला. दहा वर्षांत मी त्यांचं नाव घरात काढलं नव्हतं, आणि का काढलं नव्हतं हे बाबांना ठाऊक नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरला समाजशास्त्रात एम.ए. करताना मी शेतमजूर बायकांवर प्रबंध घेतला होता. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बांधायची, हे सरांनी नीट शिकवलं होतं. सायक्लोस्टाइल केलेले कागद पिशवीत घालून मी साकोली तालुक्यातल्या एका गावात पोचले. पार्वताबाई तिथल्या रोवणी, म्हणजे भातलावणी, करणाऱ्या टोळीच्या म्होरक्या. पस्तिशीच्या, काटक, तीन मुलींची आई. त्यांच्या ओसरीवर, सासू आणि नवऱ्यासमोर, मी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती तास काम करता?" त्या नुसत्या हसल्या. मग शेताकडे जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सासूच्या पुढं कोन खरं सांगते वो? अन कागद काहून काढते? कागद पाहून बाया भेतात."

दुसऱ्या दिवसापासून मी साडी खोचून त्यांच्यासोबत बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उतरले. वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावता लावता बायका आपणहून बोलू लागल्या. पार्वताबाई मला सांगत, वय विचारू नको, दुष्काळात तू चालत होतीस की मायच्या कडेवर होतीस, ते विचार. लेकरं किती हे विचारताना गेलेलीही धरून विचार... माझी अर्धी प्रश्नावली त्यांनी बदलायला लावली. यातलं काहीच माझ्या पुस्तकांत नव्हतं.

एका दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकर खाताना त्या हळूच म्हणाल्या, "तिसरी झाल्यावर मायेरी जातो म्हनून गेली, अन सरकारी क्याम्पात ऑपरेशन करून आली. घरच्यायले पोरगा पायजे होता... मले जीव पायजे होता. कोनाले सांगू नोको." मी शब्द दिला.

प्रबंधात त्या 'केस क्रमांक सात' झाल्या, नाव शांता. पहिला वर्ग मिळाला, आणि मला हुरूप आला. नागपूरच्या एका दैनिकाच्या पुरवणीसाठी मी लेख लिहिला. वय, तीन मुली, टोळीची म्होरकी, माहेरचं निमित्त, सगळं जसंच्या तसं. नाव बदललं म्हणजे झालं असं वाटलं होतं, हे मी पुढे स्वतःला सांगत राहिले. पण खरं सांगायचं तर पाकिटाला डिंक लावताना शंका आली होती. हे काढलं तर लेखात उरतं काय, असं मनाशी म्हणून मी ते चिकटवलं.

गावातल्या हॉटेलात तो लेख मोठ्याने वाचला गेला. टोळीची म्होरकी गावात एकच होती. धान कापणीला येण्याआधी नवऱ्याने दुसरी बायको आणली. पार्वताबाई तीन मुलींना घेऊन त्याच घराच्या मागच्या खोलीत राहायला गेल्या, वेगळ्या चुलीवर.

हिवाळ्यात मी गेले. त्यांनी पाणी दिलं. "नाव त तू बदलवलं पोरी," त्या म्हणाल्या, "पन बाकी समदी मीच होती." मी म्हणाले, असे अनुभव समाजासमोर यायला हवेत. हेच म्हणाले मी! माफी मागितली नाही. तरी एस.टी. येईपर्यंत त्या माझ्यासोबत रस्त्यावर उभ्या राहिल्या. मला एकटीला सोडून जाणं त्यांना जमलं नाही. त्यानंतर मी त्या गावाला गेले नाही. कॉलेजात नोकरी लागली, संशोधन पद्धती हाच विषय शिकवायला मिळाला. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी, हे मी दर वर्षी शिकवलं, उदाहरणं दुसऱ्यांच्या पुस्तकांतली दिली, आणि मुलांनी तेच उत्तर लिहिलं की पूर्ण गुण दिले.

तेरवी होऊन गेल्यावर अखेर त्या गावी गेले. त्यांची थोरली मुलगी कुसुम आता शिवणकाम करते. तिच्याजवळ मी माफी मागितली. ती म्हणाली, "हे आईले म्हनाले पायजे होतं तुमी."

मला लिहायचंय, पण या वेळी आधी तुला वाचून दाखवीन, असं सांगून मी परतले, आणि पंधरा दिवसांनी हा लेख घेऊन पुन्हा गेले. पार्वताबाईंच्या त्या मागच्या खोलीत, मशीन थांबवून, कुसुमने तो ऐकला. "आईचं नाव खरं लिहा," ती म्हणाली, "गावाचं नोको. ऑपरेशनचं समद्यायले माहीत आहे, ते राहू द्या. पन ते सांगून आई धुऱ्यावर अजून जे बोलली, ते काढा."

मी का ते विचारलं नाही. तिच्यासमोर त्या ओळीवर पेन फिरवलं. तिने कागद दाराच्या उजेडात धरून पाहिला. ओळ अजून वाचता येत होती. तिने कागद परत दिला, आणि मी ती पुन्हा खोडली.