लाईट गेल्यावरची गिटार

आमच्या शेजारच्या भाऊंइतका कमी वाजवणारा गिटारवाला अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगते. आमचे हे गेले, त्याच्या पुढच्याच महिन्यात भाऊ सिंदीला शेजारी भाड्यानं आले; ह्यांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नाही. वाजवायचे उन्हाळ्याच्या दुपारी, तेही लाईट गेली की. कूलरच्या घरघरीत म्हणे सूर बुडतो. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे कूलर एकदम गप्प, आणि भिंतीपलीकडून एक तार वाजायची. एकच! मग इतका वेळ काही नाही, की मला वाटे, भाऊंना डुलकी लागली. एकदा डोकावले तर डोळे टक्क उघडे.

"भाऊ, थांबले काऊन?"

"होला बोलून राह्यला ना, वहिनी. त्याची पाळी हाय."

आणि खरंच, कडुनिंबावरचा होला घुमून गप्प झाला तेव्हाच पुढचा सूर आला. त्या भर उन्हात काटा आला बाई माझ्या अंगावर.

नागपूरचा माझा भाचा रीतसर गिटार शिकलेला. त्याची बोटं लाह्यांसारखी उडतात. मी मोठ्या तोऱ्यात त्याला भाऊंसमोर बसवलं. भाऊंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "हात लई तयार हाय बाप्पा तुहा. पण मांगे कोण लागलं हाय?" पोरानं खरोखर मागे वळून पाहिलं! घरी आल्यावर म्हणतो, "मावशी, त्यांना तीनच सूर येतात." मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता माझं सांगते. ह्यांचे फोटो घरात चार आहेत, आवाज एकही नाही. वर्ष व्हायच्या आतच तो माझ्या कानांतून निघून गेला. चेहरा आठवे, चिडणं आठवे, आवाज काही केल्या येईना. नवऱ्याचा आवाज विसरले, हे सांगायचं तरी कोणाला?

एका दुपारी गहू निवडत होते, लाईट गेली. पलीकडे एक सूर वर लागला, तिथंच टांगून राहिला, आणि मग दुसरा, खालचा, जरासा चिडका. "आली मी!" म्हणून मी सुपासकट उठले आणि मागच्या दारी गेले. हे तिथूनच अशी हाक मारायचे. अंगण पांढरंफटक. दोरीवरचं लुगडंही हलत नव्हतं. भाच्याच्या हजार सुरांत मला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

"कोणाले ओ देल्ली, वहिनी?" भिंतीपलीकडून भाऊंनी विचारलं.

"कोणाले नाई. भाऊ, तेच एकदा अजून वाजवा ना."

त्यांनी वाजवलं. ह्या खेपेस मी लगेच ओ दिली नाही. ओ दिली, की हे हाक मारायचे थांबत.