दगडकोठीला किती मार्क?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते जिन्याखालच्या चपलांसारखे जमतात. सकाळी दोन जोड असतात, संध्याकाळी पाहावं तर पाय ठेवायला जागा नाही! नागपुरात नंदनवनला आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन पल्लवी आणि शुभम कॉम्प्युटर गेम बनवायला लागले, तेव्हापासून माझं असंच झालं आहे. मी खाली लिहायला बसतो. वरून ओरडा ऐकू येतो. मी वर जातो आणि किस्सा घेऊन खाली येतो. लिहायचं राहून जातं.

गेमचं नाव 'दगडकोठी'. हातात कुदळ घेतलेला एक माणूस जमिनीखालच्या कोठीत उतरतो आणि राक्षसांशी मारामारी करतो. मेला की पुन्हा पहिल्यापासून. कुठवर आलो होतो ते साठवून ठेवायची सोय नाही, आणि दर खेपेला खोल्यांचा क्रम बदललेला. मधूनच एखादी अशी खोली लागते जिथे राक्षस नसतात, नुसते दगड असतात. ते सरकवून पलीकडच्या दारापर्यंत वाट काढायची. मारामारी शुभमने केलेली, चित्रं पल्लवीची, आणि दगडांच्या खोल्या माझ्या बायकोच्या.

वसुधा शाळेत गणित शिकवायची. आजारपणात अंथरुणावर बसून तिने ग्राफपेपरवर एक्केचाळीस खोल्या आखल्या. जेवणाच्या ट्रेवर काडेपेट्या मांडून, सरकवून बघायची. पल्लवी चहाला खाली यायची आणि जाताना एक कागद घेऊन जायची. गेम बाजारात आला तेव्हा वसुधाला जाऊन सात महिने झाले होते. हे एकदा सांगून टाकलं, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल.

* * *

गेम ऑनलाइन विक्रीला लागला आणि नवव्या मिनिटाला पहिला रिव्ह्यू आला. अंगठा खाली! "सुरूच होत नाही."

पल्लवीचा चेहरा उतरला. शुभमने लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि उडालाच. "अबे, हा तं माहा मामा होय!"

मामाचं उमरेडला झेरॉक्सचं दुकान आहे. फोन लागला, स्पीकरवर.

"मामा, काहून असं लिहिलं?"

"तूच तं म्हणला, दोन शब्द लिहून दे."

"चांगले दोन शब्द, मामा!"

"मंग तसं सांगाचं न! आन् सुरू होत नाही हे काय खोटं हाय?"

खोटं नव्हतं. दुकानातला कॉम्प्युटर इतका जुना की त्याच्यावर पत्त्यांचा डावसुद्धा दम खात चालायचा. शुभमने गयावया केली, आईची शपथ घातली. मामा म्हणाले, बघतो. संध्याकाळी रिव्ह्यू बदललेला. अंगठा वर!

"उत्तम गेम. सुरू होत नाही."

* * *

पहिल्या आठवड्यात एक रिव्ह्यू शुभमला फारच आवडला. कोणीतरी एवढंच लिहिलं होतं: "मेलो. मेलो. मेलो. जेवून आलो. मेलो. झकास!"

शुभमने तो खिडकीपाशी उभं राहून साभिनय वाचायला घेतला. तिसऱ्या "मेलो!"ला जिन्यात पावलं वाजली आणि शेजारच्या कमलताई धापा टाकत दारात. हातात पाण्याचा तांब्या.

"कोण मेलं वं? कोण मेलं?"

पल्लवीने त्यांना बसवलं, सगळं समजावून सांगितलं. कमलताईंनी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"हे पहा," त्या म्हणाल्या, "ह्या घरात आता कोणी मरायचं नाही. माह्याच्यानं पुन्हा तितका सैपाक होत नाही!"

वसुधा गेली त्या दिवसांत आमचे डबे त्यांच्याकडूनच आले होते. पल्लवीला कुठे बघावं कळेना. मला मात्र हसू आलं, आणि मी हसलो म्हणून मग सगळेच हसले.

कमलताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"पण जेवून आला न तो? मंग ठीक आहे."

* * *

मी गेम खेळावा असं पोरांना फार वाटायचं. काकूंच्या खोल्या पडद्यावर कशा दिसतात ते काकांनी बघायला नको का? माझी अडचण एवढीच होती की दगडांच्या खोलीपर्यंत पोचायला आधी तीन राक्षस मारावे लागतात, आणि मी पहिल्याच्या समोर अकरा सेकंदांच्या वर कधी टिकलो नाही.

"काका, उडी मारा न! उडी!"

"कोणतं बटण?"

"मेले तुमी, काका."

शेवटी शुभमने माझ्यासाठी एक गुप्त सोय करून दिली. ती चालू केली की राक्षस बाजूला होतात आणि हात जोडून उभे राहतात. मी कुदळ खांद्यावर टाकून त्यांच्यामधून आरामात चालत जायचो. लग्नात वरपक्षाकडचे जातात तसा!

गेम बाजारात पाठवताना शुभम ती सोय काढायला विसरला.

महिनाभराने एका मोठ्या गेमिंग वेबसाइटवर परीक्षण आलं. परीक्षकाने कौतुकाने लिहिलं होतं, "सेटिंग्जच्या तळाशी 'घरमालक' नावाचा पर्याय सापडला. तो चालू केल्यावर कोठीतला प्रत्येक राक्षस खेळाडूला नमस्कार करतो. सत्ता आणि मालकी यांवर इतकं मार्मिक भाष्य अलीकडे कोणत्याही गेमने केलेलं नाही."

शुभमने ते तीन वेळा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आपण भाष्य केलं!"

* * *

पल्लवीच्या बाबांचं लकडगंजमध्ये आलमाऱ्यांचं गोदाम आहे. मुलगी काय करते हे त्यांना चार वर्षं कळलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. एकदा ते तिला घ्यायला आले आणि पल्लवीचं काम संपेपर्यंत शुभमने त्यांना गेमपुढे बसवलं. दगडांची खोली उघडून दिली. खास अवघड, अठरावी. तिथे अडकून लोकांनी पानपानभर शिव्या लिहिल्या होत्या.

बाबांनी चष्मा लावला, पडद्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि खोली सोडवली. मग एकोणिसावी. मग विसावी. मग पान खायला बाहेर जाऊन आले आणि आणखी तीन.

शुभमच्या तोंडाचा आ मिटेना. "काकाजी, तुम्हाले जमलं कसं?"

"ह्याच्यात काय मोठं आहे? साठ आलमाऱ्या, एक दार. गिऱ्हाइकाला नेमकी सगळ्यात मागचीच पसंत पडते. तीस वर्षं मी दुसरं काय करून राहिलो?"

पल्लवी दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने हळूच विचारलं, "बाबा, गेम कसा वाटला?"

बाबांनी नीट विचार केला. "चांगला आहे. पण त्या कुदळवाल्या माणसाला एक हमाल दे बेटा. एकट्याची कंबर जाईल."

* * *

मग पुण्याच्या दाढीवाल्याचा व्हिडिओ आला. हा समीक्षक फार नावाजलेला. त्याने 'बरा' म्हटलं तरी लोक पेढे वाटतात. आम्ही तिघं वर जमून बघायला बसलो. मारामारीला त्याने दहापैकी नऊ दिले. शुभम खुर्चीवरून उठून नाचला. चित्रांना आठ. मग दाढी कॅमेऱ्याच्या जवळ आली.

"दगडांना दोन. ज्याने कोणी या खोल्या रचल्या आहेत ना, त्याला त्याच खोलीत कोंडून बाहेरून कडी लावा!"

पल्लवीने झटकन लॅपटॉप मिटला. शुभम नाचायचा थांबला होता, पण त्याचा एक हात अजून वरच होता.

"काका..." पल्लवी म्हणाली.

"बाहेरून कडी लावायची गरज नाही," मी म्हणालो. "तिनेच आतून लावली असती आणि म्हणाली असती, आता शांतपणे करू द्या."

शुभमचा हात खाली आला आणि तो इतका हसला की कमलताईंनी खालून विचारलं, "आता काय झालं वं?"

* * *

एक्केचाळिसाव्या खोलीचं मात्र मला कोणी सांगितलं नाही. ते मला रिव्ह्यूंतूनच कळलं. मी सकाळच्या चहाबरोबर सगळे वाचतो, हे पोरांच्या लक्षात नव्हतं.

"शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत बग आहे." "चार तास गेले, वाट निघतच नाही." "बनवणाऱ्यांनी स्वतः तरी खेळून पाहिली आहे का?"

वर जाऊन विचारलं. शुभम कीबोर्डकडे बघत म्हणाला, "काका, मी प्रोग्राम लावून पाह्यला. कॉम्प्युटरले जमत नसन कदाचित."

"बाकीच्या चाळीस जमल्या त्याला?"

"हो."

"किती वेळात?"

"एकेका सेकंदात."

वसुधाने शेवटी शेवटी काढलेली खोली. औषधं जड होती. मला तिने एकदोनदा तिच्या भावाच्या नावाने हाक मारली होती. पण तो कागद पल्लवीला देताना तिचा हात स्थिर होता आणि ती हसत होती, हे पल्लवी शपथेवर सांगते. मी खाली येऊन चार दुपारी ट्रेवर काडेपेट्या मांडून बसलो. सरकवल्या, उचलल्या, परत मांडल्या. वाट निघाली नाही.

गेमची नवी आवृत्ती सोमवारी जायची होती. खोली ठेवायची की काढायची? पल्लवी म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाल तसं. लोक शिव्या देतात तर देऊ द्या."

"काढा," मी म्हणालो. "चुकलेलं गणित फळ्यावर राहिलेलं तिला चाललं नसतं."

यात हसण्यासारखं काही नाही, पण पुढचं सांगायचं तर हे सांगावंच लागतं.

* * *

रविवारी दुपारी आम्ही तिघं वरच होतो. शुभम नवी आवृत्ती बांधत होता. यादीतलं पहिलंच काम, खोली एक्केचाळीस काढणे. पल्लवी सवयीने नवे रिव्ह्यू चाळत होती. एकदम थांबली. "काका, हे वाचा."

अंगठा वर होता. खाली मराठीत लिहिलं होतं:

"मी चंद्रपूरला बँकेत आहे. गेम भाच्याने लावून दिला. शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत दोन तास दगड ढकलले आणि मग अंगावर काटाच आला. नागपूरला आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. प्रत्येक चाचणीत शेवटचं गणित त्या असं घालायच्या की ते सुटायचंच नाही. सांगायच्या मात्र नाहीत! आम्ही खाडाखोड करायचो, रडायचो, एकमेकींच्या पेपरात बघायचो. जी मुलगी सरळ 'सुटत नाही' असं लिहून पेपर देईल, तिला पूर्ण पाच मार्क. मला तीन वर्षांत एकदाही ते लिहायचा धीर झाला नाही. आज मी दगड सोडून दिले आणि आले त्याच दाराने परत निघाले. दार उघडंच होतं. बाई, या खोल्या तुम्ही केल्या आहेत का? केल्या असतील तर, सुटत नाही. शिल्पा, नववी ब."

पंचवीस वर्षांच्या संसारात वसुधाने हे मला कधी सांगितलं नव्हतं. पेपर तपासताना ती मधूनच एकटी हसायची, मी कारण विचारलं की म्हणायची, "तुम्ही तुमचं लिहा."

शुभमने हात कीबोर्डवरून उचलला होता. पल्लवी माझ्याकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "हिला उत्तर काय लिहू?"

मी तिला सरकायला सांगितलं आणि तिच्या खुर्चीत बसलो. मला एका बोटाने टाइप करता येतं. अक्षरं शोधायला वेळ लागला. पोरांनी मदत केली नाही, घाईही केली नाही.

"पाचपैकी पाच."