रुमालांच्या गाठी

आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात जुन्या कागदपत्रांचा नवा विभाग उघडला तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर माझे पणजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात होते! त्याचा माझ्याशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

कागद मोठमोठ्या कापडी रुमालांत बांधलेले होते. मी सगळे रुमाल सोडले, कागद खोक्यांत भरले, खोक्यांना नंबर दिले आणि काळेकुट्ट झालेले रुमाल धोब्याकडे पाठवले. स्वतःवर खूशही झाले.

मग या कागदांचे जुने, निवृत्त रेकॉर्डकीपर मकरपुऱ्याहून स्कूटरवर आले. गुजराती गृहस्थ, पण माझ्याशी मराठीत बोलायचे. खोक्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"बेन, रुमाल कुठे आहेत?"

धोब्याने गाठी सोडून, इस्त्री करून पाठवलेल्या रुमालांची चळत मी दाखवली. त्यांनी एकेक कोपरा चाचपून पाहिला आणि मग मला सांगितलं. रुमालाच्या कोपऱ्याला एक गाठ म्हणजे मुदत संपली की रद्दी, दोन गाठी म्हणजे कायम ठेवायचं, अशी त्यांची पद्धत होती.

"मग हे कुठे लिहून का नाही ठेवलंत?" मी चिडलेच.

"लिहायचं काय त्यात? हाताला लागायच्या की गाठी!"

चूक त्यांची की माझी, मला ठरवता येईना. आता काय ठेवायचं, काय काढायचं, तेही सुचेना. त्यांनी एक धुतलेला रुमाल उचलला, सवयीने कोपऱ्याला दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात दिला.

तो रिकामा रुमाल अजून माझ्या खणात आहे. टाकणार कसा? दोन गाठी आहेत त्याला.